उजेडात ठेवलेली बाटली

“मना हातले नाव ठेवू नका सर. हात मना धुयेल शेत. इचारानंच व्हई ते तुमना दिवाले इचारा.”

मंदा हे बोलली तेव्हा लॅबमध्ये तिघंच होते. एक ती स्वतः. दुसरे अविनाश सर, लॅबचे प्रमुख, जन्म बडोद्याचा, मराठी अशी की धुऊन इस्त्री केलेली. तिसरा निमेषभाई, ज्या कंपनीनं तो दिवा तपासायला आणून दिला होता तिथला माणूस. मंदा एरवी लॅबमध्ये गुजराती बोलते, तीही आपल्याकडच्या कुणाला ओळखू येणार नाही इतकी साफ. पण एकदा अडून बसली की अहिराणीच. निमेषभाईला त्यातलं काही कळलं नाही. हात कळला, दिवा कळला, आणि ही बाई माफी मागत नाहीये एवढं कळलं. तेवढं पुरे होतं.

टेबलावर झाकणाच्या गोल चपट्या प्लेटा मांडलेल्या होत्या. दिव्यासमोरून गेलेल्या पाण्याच्या प्लेटा कोऱ्या निघायला हव्या होत्या. त्या कोऱ्या नव्हत्या. भाकरीवर तीळ थापावेत तसे जंतूंचे ठिपके उठले होते.

निमेषभाई ठिपक्यांकडं बघून हसत म्हणाला होता, “तहेवारमां हाथ धोवानुं रही गयुं हशे.” सणाच्या गडबडीत हात धुवायचे राहिले असतील. आणि सरांनी मान डोलावली होती. मंदाला निमेषभाईच्या बोलण्याचं तितकं लागलं नाही, जितकं त्या मान डोलावण्याचं लागलं.

हे समजायचं तर मंदा कोण ते आधी सांगायला हवं.

मंदाचं माहेर शिंदखेड्याकडचं. दोंडाईच्याला बी.एस्सी. केलं, जंतुशास्त्र घेऊन. जंतुशास्त्र म्हणजे ढोरांच्या पोटातले जंत, असा तिच्या बापाचा समज. घरी दोन म्हशी होत्या, म्हणून त्यानं हरकत घेतली नाही. पुढं लग्न होऊन ती सुरतेला आली, नवागामात, आमच्या गल्लीत. नवरा कुंदन पांडेसऱ्याच्या मिलमध्ये छपाईला. सासरा दगा, तोही जन्मभर त्याच मिलमध्ये रंगखात्यात. सासू सुभद्राबाई, तिचं खातं म्हणजे अख्खी गल्ली.

उधन्याच्या या खाजगी लॅबमध्ये मंदा लागली ती बाटल्या धुवायला. पदवी होती, पण बोलायला लागली की समोरचा पदवी विसरायचा. वर्षभर धुतल्या बाटल्या. मग प्लेटा घालणारी मुलगी लग्न होऊन वापीला गेली आणि सर नवी माणसं बघू लागले. एका सकाळी मंदानं हात पुसले आणि त्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. कोणी बसवलं नाही. कोणी उठवलंही नाही. दुपारपर्यंत तिनं सगळ्या प्लेटा घालून कपाटात लावून दिल्या, तेव्हा सर एवढंच म्हणाले की बाटल्या आता कोण धुणार. तेव्हापासून ती तिथली मंदाबेन.

तिच्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि लसणाचा ठेचा. एसीच्या खोलीत तो वास दिवसभर फिरतो म्हणून कुणीतरी कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना पुरेल एवढा ठेचा घेऊन गेली. आता वास सगळ्यांचाच, म्हणाली. अशी ही बाई.

तर दिव्याची गोष्ट. पाणी शुद्ध करायचे अतिनील दिवे आधीपासून आहेत, लांब नळीचे, आत पारा असलेले. हा नवा होता. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, आत एलईडीचे बारीक मणी, पारा नाही, तापायला वेळ नाही, बटण दाबलं की चालू, बॅटरीवरही चालणारा. पाणी त्याच्यासमोरून वाहत जातं तेवढ्यात काम होतं. एक ट्रस्ट या पेट्या कामगारांच्या वस्त्यांत बसवणार होता. पहिली आमच्या नवागामच्या टाकीवर, मग कोसाडला. त्याआधी लॅबचा अहवाल हवा होता.

तो दिवा पास व्हावा असं सगळ्यांत जास्त कोणाला वाटत असेल तर मंदालाच. पावसाळा लागला की आमच्या नळाला गटाराचा वास येतो. गेल्या पावसाळ्यात गल्लीत घरोघरी जुलाब. सुभद्राबाईला सलाईन लावलं. दगा तर त्या आजारातून उठलाच नाही. म्हातारा आधीच मिलच्या रंगानं पोखरलेला होता, पण शेवटचा धक्का पाण्यानं दिला, असं मंदा म्हणते आणि डॉक्टरही म्हणाला. तेव्हा ही पेटी लॅबमध्ये आली त्या दिवशी मंदानं ती पदरानं पुसून टेबलावर ठेवली. यंत्र आपल्या गल्लीत येतंय हे तिनंच घरी सांगितलं, आणि सुभद्राबाईला सांगितलं म्हणजे डिंडोलीपर्यंत सांगितलं.

तपासायची रीत साधी आहे. माणसाच्या आतड्यातले जंतू वाढवून घ्यायचे, स्वच्छ पाण्यात मिसळायचे, ते पाणी दिव्यासमोरून सोडायचं. आधीचं पाणी एका बाटलीत, नंतरचं दुसऱ्या. मग थेंब थेंब प्लेटेवर पसरून रात्रभर उबेला ठेवायचं. जिथं जिवंत जंतू पडला तिथं सकाळी ठिपका दिसतो. पहिल्या काही दिवसांत दिव्यानं बहार केली. आधीच्या प्लेटा ठिपक्यांनी भरलेल्या, नंतरच्या कोऱ्या.

यात एक मेख आहे, आणि ती लॅबमधल्या सगळ्यांना ठाऊक होती. सरांना, मंदाला, बहुतेक निमेषभाईलाही. हा दिवा जंतूला जाळत नाही. त्याच्या आतल्या धाग्याला गाठी मारतो, म्हणजे त्याला पुढं पिल्लं होत नाहीत. जंतू वांझ होतो म्हणा. गाठ घट्ट बसली तर तो संपला. पण सैल बसली आणि पाणी नंतर उजेडात राहिलं, तर काही जंतू त्या उजेडाच्या बळावर गाठी सोडवून घेतात आणि पुन्हा विऊ लागतात. म्हणून नियम असा की दिव्यासमोरून आलेलं पाणी लगेच प्लेटेवर घालायचं, नाहीतर बाटलीला चांदीचा कागद गुंडाळून अंधाऱ्या कपाटात ठेवायचं.

मंदानं नियम मोडला. कधी, तर आखाजीला.

आता आखाजी म्हणजे पंचांगातली अक्षय्य तृतीया, पण खानदेशी माणसाला ती काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. दिवाळीला आमचा माणूस मिलमध्ये थांबेल, आखाजीला थांबणार नाही. आणि घरात माणूस गेल्यावर येणारी पहिली आखाजी तर चुकवताच येत नाही. नवी मातीची घागर आणायची, भरायची, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, सांजोऱ्या ठेवायच्या, चुलीत आगारी, म्हणजे पितराच्या नावचा घास, टाकायची. गेलेल्याच्या नावानं एक माणूस पितर म्हणून जेवायला बोलवायचा, आणि तो जेवल्याशिवाय घरात कोणी घास घ्यायचा नाही. त्या वर्षी दगाची पहिली घागर होती.

मंदानं सुट्टी मागितली होती. निमेषभाईला घाई होती म्हणून सरांनी ती अर्ध्यावर आणली. सकाळी दिवा चालवून दे, मग जा, दुपारून येऊन बाकीचं कर. ती पहाटे पुरण वाटून लॅबला आली, पाणी सोडलं, बाटल्या भरल्या. तेवढ्यात सुभद्राबाईचा फोन. पितर येऊन बसला होता. म्हणजे कुंदनच्या मिलमधला लोटू, दुसऱ्या पाळीचा माणूस, भुकेला, आणि जेवून कामावर जायचं म्हणून घड्याळाकडं बघणारा. घागर सुनेच्या हातानंच भरायची असा सासूचा हट्ट. मंदानं हातातल्या बाटल्या समोरच्या खिडकीत ठेवल्या आणि पळाली. त्या खिडकीत ऊन येत नाही, समोर मिलची भिंत आहे. पण उजेड लख्ख.

घागर भरून, लोटूला पोटभर वाढून, उरलेली सांजोरी दातात धरून ती दुपारी परत आली. बाटल्या खिडकीतच होत्या. तिनं हात धुतले, स्पिरिट लावलं, बर्नर पेटवला आणि होत्या तशा प्लेटेवर घातल्या. टाकून द्यायला हव्या होत्या. नाही टाकल्या. थोडा कंटाळा, थोडं कुतूहल, असं तिनं नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीळ थापलेल्या भाकरी.

म्हणून निमेषभाईच्या त्या हसण्यावर ती तशी उसळली. बाटल्या उजेडात राहिल्या ही माझी चूक, हे तिनं लगेच सांगून टाकलं. आखाजी होती, सासऱ्याची घागर होती, मी गेले. चूक. पण हात घाण नव्हता. तिनं रांगेतली शेवटची प्लेट उचलून सरांपुढं धरली. दर वेळी नुसतं उकळून थंड केलेलं पाणी घालून एक कोरी प्लेट करायची असते, हाताची साक्ष म्हणून. त्याच दुपारी, त्याच बैठकीत, त्याच हातानं घातलेली. तिच्यावर एक ठिपका नव्हता.

सरांनी ती प्लेट उजेडाकडं धरून फिरवून पाहिली. हाताबद्दल बोललो ते मागं घेतो, म्हणाले. निमेषभाईला त्यांनी गुजरातीत समजावलं की बेनचा हात साफ आहे, नमुना खराब झाला आहे. निमेषभाईला त्यात काही फरक वाटला नाही. खराब नमुना फेकायचा, नवा घ्यायचा, नियमाप्रमाणं कपाटात ठेवायचा आणि अहवाल द्यायचा. सर म्हणाले, बरोबर आहे. मंदाबेन, या प्लेटा ऑटोक्लेव्हला टाका.

“मी फेकाव नही,” मंदा म्हणाली.

सरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिनं स्टूल ओढलं आणि ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या यंत्राच्या, दारापुढं मांडून त्यावर बसली. मंदा अंगानं भरलेली आहे. ती बसली म्हणजे दार बंद.

तिचं म्हणणं तिनं सरांना मराठीत सांगितलं, सावकाश. लॅबचा नियम लॅबसाठी बरोबर आहे. पण ही पेटी लॅबमध्ये बसायची नाहीये. नवागामात नळ सकाळी येतो, तासाभरात जातो. बाया हातात येईल त्यात पाणी भरून ठेवतात. हंडे दोन, कळशी एक, आणि मग थंड पेयांच्या रिकाम्या झालेल्या आरपार दिसणाऱ्या बाटल्या, ज्या घराघरात ढिगानं असतात. खोली एवढीशी, तिच्यात सहा माणसं झोपतात, म्हणून बाटल्या बाहेर. ओट्यावर, जिन्यावर, गॅलरीच्या कठड्याला रांगेनं. दिवसभर उजेडात. संध्याकाळी तेच पाणी पोरं पितात. आखाजीला मी जी चूक केली ती आमची गल्ली रोज करते. मग ती चूक टाकून कशी द्यायची? तपासायची ती तीच.

सर म्हणाले की मागणीत ते नाही. कंपनीनं जे मागितलं तेच आपण तपासतो.

“तुमना कपाटमा अंधार शे सर. मना घरमा कपाटच नही शे.”

निमेषभाई बोलला, खूप बोलला. आपण कोणाला पाणी पाजायचं काम फुकटात करतोय, लोकांना कदर नाही, दोन वर्षं यात घातली, एका प्लेटा घालणाऱ्या बाईच्या हट्टासाठी थांबायचं का. त्याचंही खोटं नव्हतं. दिवा वाईट नव्हता, त्यात खरंच कष्ट होते. शेवटी सर चिडले. मंदाला म्हणाले, उठायचं नसेल तर उद्यापासून यायचंही नाही. मंदा म्हणाली, उद्याचं उद्या, आज इथं बसलेय. कामाची वेळ संपल्यावर तिनं त्या प्लेटांवर चिकटपट्टी लावली, स्वतःचं नाव घातलं, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या आणि घरी आली.

घरी काय, आगीतून फुफाट्यात. गल्लीला बातमी आधीच लागली होती. कुंदननं जेवताना एवढंच विचारलं की नोकरी आहे का गेली. ती म्हणाली, माहीत नाही. तो म्हणाला, मिलमध्ये आम्हीपण रोज नाक दाबून काम करतो, तुला एकटीलाच वास येतो का. सुभद्राबाईनं मात्र भांडी आपटली.

“इतला घर सोडीसन मशीन आपला गल्लीमा येवानं व्हतं, तठे तूच आडवी पडनी. तुना सासरा पानीना पायी गया, इसरनी का?”

मंदानं आपटलेली भांडी गोळा केली. सासरा गेला हे ती विसरली नव्हती. म्हणून तर. हाताचं तिला एवढं का झोंबलं, त्यातही सासराच होता. दगाचे हात मनगटापर्यंत रंगलेले असायचे, कधी जांभळे, कधी मेंदीसारखे हिरवट. धुऊन जायचे नाहीत. गावाकडं एसटीत शेजारचा माणूस सरकून बसायचा, एका लग्नात तर वाढप्यानं त्याच्या हातातला पाण्याचा जग काढून घेतला होता. म्हातारा तेव्हा म्हणाला होता, रंग शे, घान नही शे. आणि दुसरा जग उचलून पुढच्या पंगतीला पाणी वाढत गेला होता. मंदा नवी नवरी होती तेव्हा, तिनं ते पाहिलं होतं.

सकाळी नळावर मंदाची वाटच बघत होते लोक. चंचलबाई, समोरच्या घरची, हंडा पुढं करून म्हणाली, “मंदाबाई, आमना हंडामा देख ना जराखं, कितला जंतू शेत ते सांग.”

बाया हसल्या. मंदानं हंड्यात वाकून बघितल्यासारखं केलं.

“हंडामा नही दिखतस. तुनी त्या कठडावरनी बाटलीमा दिखतस. तुले जीभ काढी दखाडतस.”

त्यावरही हसल्या, पण कमी. मग कुणीतरी सूर लावला की मंदाचे हात घाण म्हणून यंत्र परत चाललं म्हणे. एवढा वेळ सुभद्राबाई नळाशी पाठ करून उभी होती. घरात सुनेला काय बोलायचं ते बोलेल, पण नळावर दुसऱ्यानं बोललेलं तिला चालत नाही. ती वळली.

“मना मालकना नावनी घागर ह्याच हातनी भरेल शे. पितर म्हनीन लोटू जेवना, इचारा त्याले, जुलाब लागनात का? डबल आमरस खाईसन कामवर गया तो. मंग हात घान कसा?”

एवढं बोलून तिनं हंडा उचलला. यंत्राबद्दलचा राग तिनं सोडला नाही. सुनेशी त्या दिवशी बोललीही नाही. पण घरी गेल्यावर कठड्यावरच्या बाटल्या तिनं गोणपाटाखाली ढकलल्या. मंदानं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

मंदा लॅबला गेली. येऊ नका म्हणाले होते, तरी गेली. अविनाश सर तिच्या आधी आलेले. फ्रीजमधल्या तिच्या प्लेटा काढून टेबलावर मांडून बसले होते. सर भित्रे आहेत असं मंदाचं मत आहे, पण खोटे नाहीत असंही मत आहे. ते म्हणाले की तुम्ही म्हणता ते उजेडामुळंच झालं हे अजून सिद्ध नाही. खिडकीत उजेड असतो तशी उष्णताही असते. वैशाख आहे. दोन्ही वेगळं केल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही. मंदा म्हणाली, मग करा वेगळं. सर म्हणाले, करतो, आणि प्लेटा मी घालणार, तुम्ही हात लावायचा नाही.

“नही लावस. आठे बठीसन देखस.”

सरांनी पाणी दिव्यासमोरून सोडलं. एकाच धारेतल्या बाटल्या भरल्या. निम्म्यांना चांदीचा कागद गुंडाळला, निम्म्या उघड्या, आणि सगळ्या त्याच खिडकीत खांद्याला खांदा लावून ठेवल्या. ऊब सगळ्यांना सारखी, उजेड निम्म्यांनाच. युक्ती सरांची, मंदानंही ती मान्य केली. तिनं पिशवीतून आपल्या गॅलरीतली एक प्लास्टिकची बाटली काढून पुढं केली. सरांनी ती स्वतः धुतली, स्पिरिटनं विसळली, जंतुविरहित पाण्यानं पुन्हा विसळली आणि तीही उघड्या रांगेत ठेवली. बऱ्याच वर्षांनी सर बर्नरपुढं बसले होते. दोनदा बोट भाजलं. मंदानं बर्नालची ट्यूब त्यांच्या बाजूला सरकवली.

दुसऱ्या दिवशी कागदातल्या बाटल्यांच्या प्लेटा जवळजवळ कोऱ्या. उघड्या बाटल्यांच्या प्लेटांवर ठिपके. आधीच्या पाण्याइतके नाहीत, खूप कमी, पण होते. मंदाच्या गॅलरीतल्या बाटलीवर होतेच होते. आणि या वेळी हात बडोद्याचे.

सरांनी अहवालात दोन्ही लिहिलं. अंधारात असं, उजेडात असं. खाली सल्ला लिहिला की पाण्याची धार मंद करावी नाहीतर मणी वाढवावेत, म्हणजे गाठ घट्ट बसेल. निमेषभाईनं वाचला आणि खाली ठेवला. उजेडातलं कोणी विचारत नाही, दुसऱ्या लॅबला जातो, म्हणाला, आणि पेटी काखेत मारून जिना उतरला. सर खिडकीतून बघत राहिले. गिऱ्हाईक गेलं, म्हणाले. मंदा त्या खिडकीची काच पुसत होती, तिनं पुसणं थांबवलं नाही.

त्यानंतरचे दिवस काही गोड गेले नाहीत. गल्लीत यंत्र आलं नाही ते आलंच नाही. चंचलबाईचा मुलगा तापानं पडला, तेव्हा तिनं दारातून ऐकू जाईल असं मंदाचं नाव घेतलं. दिवा असता तर निम्मे तरी जंतू मेले असते, हे तिचं म्हणणं, आणि ते खोटं म्हणता यायचं नाही. मंदानं क्लोरीनच्या गोळ्या नेऊन दिल्या. चंचलबाईनं दार उघडलं नाही, तेव्हा उंबऱ्यावर ठेवून आली. कुंदन म्हणायचा, काय मिळवलंस. ती म्हणायची, यंत्र बसवून मग बाया निर्धास्त झाल्या असत्या, उकळणं सोडलं असतं, तुरटी सोडली असती, तेव्हा काय मिळवलं असतंस तू? कुंदन डबा उचलून मिलला जायचा. असं रोज.

मग पावसाळ्याच्या तोंडाशी सरांना कंपनीचा फोन आला. दुसऱ्या लॅबनं काय सांगितलं ते कंपनीनं सांगितलं नाही, सरांनी विचारलं नाही. पेटीत मणी वाढवले आहेत, धार मंद केली आहे, आणि ट्रस्टवाल्यांना आता उजेडातलाही आकडा हवा आहे. तेव्हा तपासून द्या. फक्त एक अट. ती बेन नको. दुसरं कोणीही हात लावू दे.

सरांनी हे मंदाला सांगितलं, सांगताना टेबलावरचं पेन उगाच इकडून तिकडं केलं. पेटी समोर असती तर ती भिंतीवर आपटावी असं मंदाला वाटलं असणार. पण बोलली ते वेगळंच.

“हात कोनाबी लागू द्या. बाटली मात्र उजायामाच ठेवा.”

सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, बाटली उजेडात राहील. आणि फोन उचलून त्यांनी कंपनीला कळवलं की आमच्या इथं प्लेटा मंदाबेन घालतात. दुसरं कोणी घालत नाही. मी घातल्या तर बोटं भाजून घेतो. चालत असेल तर पाठवा, नाहीतर राहू द्या.

पलीकडून चार दिवस काही नाही. मंदानं नळाचे नमुने काढले, एका बर्फाच्या कारखान्याचं पाणी नापास केलं, त्याच्या मालकाशी भांडली. पाचव्या दिवशी निमेषभाई स्वतः पेटी घेऊन जिना चढून आला. नमस्ते नाही, काही नाही. पेटी टेबलावर ठेवली, स्टूल ओढलं आणि मंदाच्या कोपराशी येऊन बसला. पूर्ण वेळ इथंच बसणार, म्हणाला, प्रत्येक बाटली, प्रत्येक प्लेट माझ्या डोळ्यांसमोर. सर मध्ये पडायला निघाले. मंदानं हातानंच त्यांना थांबवलं.

तिनं त्याला डोळ्याला लावायचा चष्मा दिला, कारण त्या दिव्याकडं उघड्या डोळ्यांनी बघायचं नसतं. पांढरा कोट दिला, डोक्याला टोपी दिली. हात धुवायला लावले, कोपरापर्यंत, आणि झाले म्हणाला तेव्हा पुन्हा धुवायला लावले. मग स्वतःच्या बांगड्या मागं सारल्या, हात धुतले, दोन्ही पंजे उलटेसुलटे करून त्याच्या नाकापुढं धरले.

“देखी ले भाऊ. डोया फाडीसन देखी ले.”

या वेळी त्याला भाषा कळली. तो हसला नाही. मंदानं बर्नर पेटवला, नळी जोडली, पाणी सोडलं, पहिली बाटली भरून खिडकीत उघड्यावर ठेवली आणि दुसरी धारेखाली धरली.